‘सॅव्हेज एम्पायर’मधली सेव्ह गायब होते, किंवा जुनीच उघडते: कारणं आणि उपाय

इओडनच्या खोऱ्यात तीन तास भटकून दोन टोळ्या आपल्या बाजूला वळवल्या, कोळसा, गंधक आणि पोटॅशियम नायट्रेट जमवून बंदुकीची दारू तयार केली, कंट्रोल-एस दाबलं आणि मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी खेळ उघडावा तर दारू नाही, टोळ्या ओळख दाखवत नाहीत आणि आपण आठवड्यापूर्वीच्या मुक्कामावर उभे. हा खेळ खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं. एकदा दुरुस्त केलं तरी महिन्याभराने पुन्हा तेच होतं, कारण बहुतेक वेळा दुरुस्ती भलत्याच ठिकाणी केलेली असते.

‘वर्ल्ड्स ऑफ अल्टिमा: द सॅव्हेज एम्पायर’ हा ओरिजिन कंपनीचा १९९० सालचा, जुन्या पीसींवरच्या डॉस या प्रणालीसाठीचा खेळ. डायनासोर, आदिम टोळ्या आणि मिर्मिडेक्स नावाची मुंगीमाणसं असलेलं हरवलेलं जग. त्याचं इंजिन ‘अल्टिमा ६’चंच, आणि सेव्ह करण्याची पद्धतही तिथूनच आलेली. ती पद्धत नीट समजली की निम्मी अडचण संपते. उरलेली निम्मी अडचण खेळाच्या बाहेरची असते: विंडोज, डॉसबॉक्स (डॉसचे खेळ आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम), फोन किंवा जुनं मशीन. खेळ आपलं काम चोख करतो, फाइली लिहितो. पण आपण बघतो त्या जागी त्या जात नाहीत. म्हणून पहिला प्रश्न ‘सेव्ह का होत नाही’ हा नाही, ‘सेव्ह कुठे होते आहे’ हा आहे.

आधी लक्षण ओळखा

तीन वेगळ्या तक्रारी एकाच नावाखाली सांगितल्या जातात.

पहिली: सगळंच जुनं. सामान, दिवस, माणसं, सगळं आधीच्या एखाद्या मुक्कामाचं. म्हणजे नवी सेव्ह दुसरीकडे लिहिली गेली किंवा लिहिलीच गेली नाही.

दुसरी: सरमिसळ. तयार केलेली दारूही पिशवीत आहे आणि ती करताना खर्ची पडलेला कोळसाही परत आला आहे. किंवा तुम्ही एका झोपडीत ठेवलेली मशाल तिथेही आहे आणि तुमच्याजवळही. ही लक्षणं सर्वांत वाईट, कारण खेळ चालू राहतो आणि गोंधळ दोन-तीन दिवसांनी ध्यानात येतो. इथे सेव्हच्या काही फाइली नव्या आणि काही जुन्या झालेल्या असतात.

तिसरी: सेव्ह करताना चूक दाखवली जाते, किंवा खेळ तिथेच अडकतो. ही खरं तर सोपी. लिहायची परवानगी नाही किंवा डिस्क खराब आहे, दोन्हींपैकी एक.

तुमची तक्रार कुठली ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या तक्रारीवर दुसरीचा उपाय केला तर चांगली सेव्हसुद्धा बिघडते.

सेव्ह ही एक फाइल नसते

हल्लीच्या खेळांत एक सेव्ह म्हणजे एक फाइल, म्हणून सवयीने तीच अपेक्षा धरली जाते. इथे तसं नाही. गेमच्या फोल्डरमध्ये सेव्हगेम नावाचा फोल्डर असतो. त्यात ओबीजेलिस्ट नावाची एक फाइल आणि ओबीजेबीएलके या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पुष्कळ फाइली. नकाशा चौकोनी तुकड्यांत वाटलेला आहे आणि प्रत्येक तुकड्यावरच्या वस्तूंची नोंद आपापल्या ओबीजेबीएलके फाइलीत राहते. माणसांची स्थिती, त्यांचं आरोग्य, तुमचा गट, खेळातली वेळ हे ओबीजेलिस्टमध्ये.

म्हणजे हा सगळा मिळून एक हिशेब आहे. वाण्याच्या वहीतलं एक पान कालचं आणि बाकीची पानं गेल्या महिन्याची लावली तर जमाखर्च जुळेल का? फक्त ओबीजेलिस्ट उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर नेमकं तेच होतं. ‘एकच फाइल बदललेली दिसली म्हणून तेवढीच कॉपी केली’ ही सर्रास होणारी चूक आहे. कॉपी करायची ती अख्ख्या सेव्हगेम फोल्डरची, आणि परत ठेवतानाही आधीचा फोल्डर बाजूला काढून मगच. वरून ओतून ‘रिप्लेस’ करत बसू नका.

आणखी एक: या खेळात सेव्हची जागा एकच आहे. नवी सेव्ह आधीचीवर लिहिली जाते. दोन भाऊ एकाच मशीनवर खेळत असतील तर धाकट्याचा सकाळचा कंट्रोल-एस मोठ्याची रात्रीची मेहनत पुसून टाकतो, आणि मग दोघं मिळून डॉसबॉक्सला दोष देतात. घरात दोघं खेळत असाल तर गेमचे दोन स्वतंत्र फोल्डर करा. पूर्ण गेम काही मेगाबाइटचा, जागेची काळजी नको.

पाच मिनिटांची तपासणी

खेळ उघडा. ओळखायला सोपी अशी एखादी गोष्ट करा: पिशवीतली मशाल झोपडीच्या दारात टाका. घड्याळ बघा, कंट्रोल-एस दाबा, सेव्ह पूर्ण होईपर्यंत थांबा, मग खेळातून नीट बाहेर पडा. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबू नका आणि कंट्रोल-एफ९ तर अजिबात नको. तो डॉसबॉक्सचा तातडीने बंद करण्याचा शॉर्टकट आहे, त्याने डॉसबॉक्स जागच्या जागी मरतो. नेमकी त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहू शकते.

आता गेमच्या सेव्हगेम फोल्डरमध्ये जाऊन ओबीजेलिस्टची ‘डेट मॉडिफाइड’ बघा. घड्याळातली वेळ आणि ती वेळ जुळली तर लिखाण योग्य जागी होतंय. नाही जुळली तर दुसरी प्रत कुठेतरी आहे.

ती शोधायची तर आधी फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दिसतील असं करा, मग अख्ख्या सी ड्राइव्हवर ओबीजेलिस्ट हे नाव शोधा. निकाल तारखेने लावा. सर्वांत नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये सापडेल तिथे तुमची हरवलेली सेव्ह आहे. एक सावधानता: ‘अल्टिमा ६’ आणि ‘मार्शियन ड्रीम्स’ याच इंजिनावर असल्याने त्यांच्याही फाइली याच नावाने येतात. फोल्डरचं नाव वाचूनच पुढचं पाऊल टाका.

या तपासणीत जे दिसेल त्यावर खालचा कुठला भाग तुमच्यासाठी आहे ते ठरतं.

विंडोज: प्रोग्राम फाइल्समधला सापळा

शोधात व्हर्च्युअलस्टोअर नावाचा फोल्डर आला तर कारण सापडलं. सगळ्यांत जास्त वेळा हेच असतं.

विंडोज व्हिस्टापासून पुढे प्रोग्राम फाइल्सच्या आत साध्या प्रोग्रामना लिहू दिलं जात नाही. पण जुने प्रोग्राम कोसळू नयेत म्हणून विंडोज एक सोय करतं. प्रोग्रामला वाटतं आपण गेमच्या फोल्डरमध्ये लिहिलं, प्रत्यक्षात फाइल जाते ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, त्यातल्या लोकल, त्यातल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. वाचतानाही आधी तिथलीच प्रत दिली जाते. इथवर काहीच बिघडत नाही. सेव्ह होते, उघडतेही.

बिघडतं ते पुढे. कुणीतरी सांगतं, ‘राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर.’ तसं चालवलं की ही आडवळणाची सोय बंद होते आणि डॉसबॉक्स खऱ्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली वाचतो. आठवड्यापूर्वीचा मुक्काम दिसतो तो असा. तुम्ही तिथून पुढे खेळता, सेव्ह करता, ती खऱ्या फोल्डरमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबल क्लिक केला की पुन्हा व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत वर येते. सेव्ह कधी नवी, कधी जुनी, तीही एका दिवसाआड. या वागण्याचा उलगडा एवढाच आहे.

याहून वाईट म्हणजे हे वळवणं फोल्डरगणिक होत नाही, फाइलगणिक होतं. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये ज्या फाइली आहेत त्या तिथून, ज्या नाहीत त्या खऱ्या फोल्डरमधून वाचल्या जातात. वर सांगितलेली सरमिसळ बऱ्याचदा इथे जन्माला येते.

उपाय एकच, आणि तो कायमचा आहे: गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर काढा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं हा उपाय नव्हे, त्याने गुंता वाढतो.

डॉसबॉक्स बंद करा. सी ड्राइव्हवर गेम्स आणि त्यात सॅव्हेज अशी रोमन अक्षरांतली छोटी नावं देऊन फोल्डर करा. पूर्ण गेम तिथे कॉपी करा. मग व्हर्च्युअलस्टोअरमधला सेव्हगेम फोल्डर उघडून तारखा बघा. फाइलींची संख्या पूर्ण असेल आणि ओबीजेलिस्टची तारीख तुमच्या शेवटच्या सेव्हची असेल, तर नव्या जागेतला सेव्हगेम फोल्डर बाजूला काढून त्या जागी हा ठेवा. संख्या कमी असेल तर आधी खऱ्या फोल्डरचा सेव्हगेम ठेवा आणि त्यावर व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली घाला. आधी मी नको म्हटलेली ओतण्याची रीत फक्त इथे चालते, कारण विंडोज स्वतः त्याच पद्धतीने वाचत होतं. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या गेमच्या फोल्डरचं नाव बदला. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की मगच तो पुसा.

नव्या जागेचा पत्ता डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये, अगदी तळाशी असलेल्या ऑटोएक्सेक भागातल्या माउंटच्या ओळीत (कुठला फोल्डर ड्राइव्ह म्हणून वापरायचा ते डॉसबॉक्सला सांगणारी ओळ) बदलायचा. डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट पुसून नवा करा. जुन्या शॉर्टकटवरून जुनी प्रत उघडून ‘पुन्हा तेच झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

विंडोजमधली आणखी दोन कारणं थोडक्यात. गेम डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवर असेल आणि ते फोल्डर क्लाउडशी जोडलेले असतील, तर दोन मशीनवरच्या प्रती एकमेकींवर चढतात. शिवाय सेव्ह अनेक फाइलींची असल्याने काही फाइली वर गेल्या, काही राहिल्या असंही होतं. गेम त्या कक्षेबाहेर ठेवा. दुसरं म्हणजे विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये डॉसबॉक्सला लिहूच दिलं जात नाही. गेम सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये असला की हा प्रश्नच राहत नाही. जुन्या सीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींवर ‘रीड ओन्ली’ची खूण राहून गेलेली असते, तीही प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आतल्या सगळ्या फाइलींसकट काढा.

फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका

मराठी खेळाडूंना विशेष सतावणारी अडचण ही. विंडोज वापरताना युजरचं नाव देवनागरीत दिलेलं असतं, किंवा फोल्डरला ‘जुने खेळ’ असं नाव असतं. आपल्या लिपीत नाव ठेवायला कुणाची ना नाही, पण डॉसबॉक्स ०.७४ ला देवनागरी पत्ता वाचता येत नाही. माउंट होत नाही, मग माणूस गेम दुसरीकडे कॉपी करतो, तो चालतो, आणि आता मशीनवर दोन प्रती झालेल्या असतात. पुढे कुठली उघडली, कुठली सेव्ह झाली, याचा पत्ता नाही. गेमच्या पूर्ण पत्त्यात एकही देवनागरी अक्षर नको. प्रत्येक फोल्डरचं नाव रोमन लिपीत आणि आठ अक्षरांच्या आत ठेवलं तर उत्तम, कारण डॉसला तेवढीच नावं समजतात.

डॉसबॉक्सच्या दोन खोडी

डॉसबॉक्स फोल्डरची यादी एकदा वाचून लक्षात ठेवतो. तो चालू असताना तुम्ही बाहेरून, विंडोजमधून, सेव्हगेममध्ये जुनी बॅकअप ठेवलीत तर त्याला नव्या फाइली लगेच दिसतीलच असं नाही. अशा वेळी कंट्रोल-एफ४ दाबा, यादी पुन्हा वाचली जाते. माझा सल्ला मात्र साधा आहे: सेव्हच्या फाइलींना हात लावायचा तो डॉसबॉक्स पूर्ण बंद करूनच. खेळ चालू असताना त्याच्या बुडाखालच्या फाइली बदलणं म्हणजे चालत्या लोकलचा डबा बदलण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट ओव्हरले माउंटची. हा गेम गॉग या गेमच्या ऑनलाइन दुकानात मोफत मिळतो. तिथल्या किंवा इतर तयार पॅकेजांत कधी कधी सी ड्राइव्हवर आणखी एक फोल्डर ओव्हरले म्हणून चढवलेला असतो. मूळ गेमला धक्का न लावता सगळं नवं लिखाण त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातं. कॉन्फिग फाइलच्या ऑटोएक्सेक भागात माउंटची ओळ दोनदा दिसली आणि दुसरीत ओव्हरले हा शब्द असला, तर तुमची खरी सेव्ह त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे. गेम काढून पुन्हा टाकताना लोक गेमचा फोल्डर जपून ठेवतात आणि नेमका ओव्हरलेचा फोल्डर गमावतात. बॅकअप घेताना दोन्ही घ्या.

लिनक्सवर लहानमोठ्या लिपीचा घोळ होतो. एकाच जागी लहान अक्षरांतला सेव्हगेम आणि मोठ्या अक्षरांतला सेव्हगेम असे दोन फोल्डर राहू शकतात, पण डॉसच्या नजरेला ते एकच नाव. दोनांपैकी एक बाहेर हलवा.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

विरार-चर्चगेट बसून जायला मिळालं तर सव्वा-दीड तास हातात असतो, आणि हा खेळ अशा प्रवासात छान रमवतो. फोनवर बहुतेक जण रेट्रोआर्क या जुने खेळ चालवणाऱ्या ॲपमधला डॉसबॉक्स प्युअर वापरतात. त्यात गेम झिपमधूनच चालतो आणि झिप कधीच बदलत नाही. तुमचं लिखाण रेट्रोआर्कच्या सेव्ह फोल्डरमध्ये एका वेगळ्या झिपमध्ये साठतं, आणि तिचं नाव मूळ झिपच्या नावावरून ठरतं. मूळ झिपचं नाव बदललंत की जोडी तुटते आणि खेळ कोरा सुरू होतो. सेव्ह हरवलेली नसते, नुसतं नाव जुळत नसतं. मूळ नाव परत द्या, मुक्काम परत येईल.

दुसरा धोका सेव्ह स्टेटचा, म्हणजे खेळाची त्या क्षणीची मेमरी जशीच्या तशी साठवण्याच्या ॲपमधल्या सोयीचा. दादर आलं म्हणून घाईघाईत स्टेट घेतली, घरी जाऊन खेळात कंट्रोल-एसने सेव्ह केलं, उद्या पुन्हा कालची स्टेट उघडली. आता मेमरीत कालचं जग आणि डिस्कवर आजचं. त्यातून पुन्हा सेव्ह केलं की सरमिसळ झालीच म्हणून समजा. स्टेट फक्त एका बैठकीपुरती वापरा. बैठक संपवताना खेळातली सेव्ह, आणि पुढच्या वेळी सुरुवात त्याच सेव्हवरून.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रतीवर मोठा प्रवास करू नका. तिथलं लिखाण टिकलं तरी ब्राउझरच्या साठवणीत टिकतं, आणि ती साफ केली की जातं.

खरं जुनं मशीन आणि मुंबईची हवा

काही जण अजून ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरच्या खऱ्या जुन्या पीसीवर खेळतात, त्यांच्या अडचणी वेगळ्या.

पहिली स्मार्टड्राइव्हची. डॉस ६.० बरोबर आलेला हा कॅश प्रोग्राम लिखाण काही सेकंद मेमरीत धरून ठेवतो आणि मग डिस्कवर उतरवतो. खेळातून बाहेर आल्या आल्या स्विच बंद केला तर शेवटच्या काही फाइली उतरतच नाहीत, आणि सरमिसळ तयार. डॉस प्रॉम्प्टवर स्मार्टड्राइव्हचं नाव टाइप करून पुढे स्लॅश आणि सी द्या, म्हणजे उरलेलं लिखाण तत्काळ डिस्कवर जातं. हार्ड डिस्कचा दिवा विझेपर्यंत थांबा. वीज जाण्याची धास्ती असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस सेव्ह करून बाहेर पडण्याइतका वेळ सहज देतो.

दुसरी अडचण फसवी आहे. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ १ जानेवारी १९८० वर जातं, कारण डॉसच्या तारखा तिथूनच सुरू होतात. मग आज केलेल्या सेव्हवर १९८० ची तारीख बसते आणि दोन वर्षांपूर्वीची सेव्ह ‘नवी’ दिसते. माणूस तारीख बघून जुनी ठेवतो आणि नवी पुसतो. ज्या मशीनचं घड्याळ विश्वासाचं नाही तिथे तारखेवर कधीच जाऊ नका. बॅकअपच्या फोल्डरला क्रमांक द्या.

त्या बॅटरीकडे एकदा डोळ्यांनी बघा. ३८६ च्या काळातल्या बोर्डांवर निळसर वेष्टनाची, पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. समुद्राजवळच्या दमट हवेत ती गळली की शेजारच्या तारांवर हिरवट-पांढरी भुकटी चढते, आणि ती कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पसरत जाते. बॅटरी कापून काढा. गळलेलं द्रव्य अल्कधर्मी असतं, म्हणून कापसाच्या काडीवर साधं व्हिनेगर घेऊन पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या. बदली म्हणून सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी लावायची तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, कारण बोर्ड मूळ बॅटरीला चार्ज करतो आणि सीआर२०३२ चार्ज होण्यासाठी बनलेली नाही. हे काम जमत नसेल तर लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंग करून देणारे मिळतात. डायोडची गोष्ट मात्र त्यांना स्वतः सांगा.

फ्लॉपीवर सेव्ह ठेवणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर जास्त जपावं. फ्लॉपीची धातूची पट्टी सरकवून आतली काळी तबकडी उजेडात तिरकी धरा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. ती तर खरवडली जातेच, पण हेडला लागलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही खराब करते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी काळजी पुरते. पुड्या ओलावल्या की बदला. ज्यांना शक्य आहे त्यांनी आयडीई ॲडाप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवावं. बुरशीची कटकट जाते आणि कार्ड रीडरमधून पूर्ण फोल्डरची कॉपी मिनिटभरात होते.

डिस्क खराब असल्याचा संशय असेल तर डॉस ६.२ आणि पुढच्या आवृत्तीतला स्कॅनडिस्क चालवा. पण आधी सेव्हगेमची कॉपी काढा, मग स्कॅनडिस्क. हा क्रम उलटा करू नका.

बॅकअपची रीत

खेळाला एकच जागा आहे म्हटल्यावर जागा आपणच वाढवायच्या. गेमच्या फोल्डरबाहेर बॅकअपचा फोल्डर करा आणि त्यात क्रमांकाने प्रती ठेवा: ०१, ०२, ०३. नावात टोळीही घाला, उदाहरणार्थ ०४ कुराक, ०५ योलारू. कुठली टोळी वळल्यावरची सेव्ह ते लगेच कळतं, आणि तारखेवर विसंबावं लागत नाही. प्रत्येक टोळीचं काम पूर्ण झालं की एक प्रत, आणि मिर्मिडेक्सच्या वारुळात उतरण्याआधी एक, एवढं पुरे. जुन्या प्रती पुसण्याची गरज नाही, इतक्या त्या लहान असतात.

परत आणताना डॉसबॉक्स बंद, चालू सेव्हगेमचं नाव बदलून बाजूला, बॅकअपमधला फोल्डर त्या जागी, मग खेळ सुरू. पहिल्यांदा उघडल्यावर पिशवी, गटातली माणसं आणि जवळपासच्या वस्तू तपासा, सगळं जुळलं तरच पुढे सेव्ह करा.

ज्यांची सेव्ह आधीच सरमिसळ झाली आहे त्यांना स्पष्ट सांगतो: ती हाताने जुळवत बसू नका. एखादी हरवलेली वस्तू नसेल तर चालून जाईल असं वाटतं, पण एखाद्या टोळीने मागितलेली वस्तू गायब असली तर पुढचा रस्ता बंद होतो आणि ते दहा तासांनी कळतं. शेवटच्या पूर्ण प्रतीवर परत जाणंच स्वस्त पडतं.

वेगाचा आणि आवाजाचा याच्याशी संबंध नाही

सेव्हच्या तक्रारीसोबत ‘खेळ फार पळतो’ हेही सांगितलं जातं आणि दोन्ही एकाच कारणाचे समजले जातात. तसं नाही. वेगासाठी कॉन्फिगच्या सीपीयू भागात सायकल्सच्या ओळीत फिक्स्ड ५००० ठेवून सुरुवात करा. फाइलमध्ये हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत. साधारण ६००० म्हणजे ३३ मेगाहर्ट्‌झच्या ३८६ च्या आसपासचा वेग. चालता चालता कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त करता येतो. आवाज नसेल तर गेमच्या इन्स्टॉल प्रोग्राममध्ये ॲडलिब हे साउंड कार्ड निवडा. मात्र इन्स्टॉल प्रोग्राम चालवण्याआधीही सेव्हगेमची कॉपी काढा.

स्कमव्हीएमकडे वळायचं का?

या इंजिनाची नव्याने लिहिलेली आवृत्ती नुव्ही या नावाने तयार झाली आणि पुढे ती स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये सामील झाली. तिथे सेव्हच्या अनेक जागा मिळतात आणि सेव्हचा फोल्डर पाथ्सच्या टॅबमधून हवा तिथे ठेवता येतो. नव्याने खेळ सुरू करणाऱ्याला मी हाच रस्ता सुचवेन. पण डॉसबॉक्समध्ये अर्धा खेळ झालेला असेल तर तो तिथेच पुरा करा. दोन्हींची सेव्ह लिहिण्याची तऱ्हा वेगळी आहे, स्कमव्हीएममधली सेव्ह उचलून डॉसच्या सेव्हगेममध्ये ठेवली तर खेळाला ती कळणार नाही. आणि स्कमव्हीएमलाही मूळ गेमच्या फाइली लागतातच, तेव्हा त्याला दाखवायला गेमची वेगळी, कोरी प्रत ठेवा, डॉसबॉक्सची चालू प्रत नको.